मागच्या बाजूला लिहिलेलं

सांगलीचं आमचं गावभागातलं घर यंदा पाडायचं ठरलं आहे. त्या जागी अपार्टमेंट होईल. सामान काढता काढता माळ्यावरची अण्णांची पत्र्याची ट्रंक निघाली आणि घरच्या ग्रुपवर वाद सुरू झाला. ट्रंकेत काडेपेट्यांचे छाप, मॅचची तिकिटं, मासिकांतून कापलेली क्रिकेटपटूंची चित्रं आणि रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत लिहिलेल्या धावफलकांच्या वह्या. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांतला कागद न् कागद गेला; ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. दादाचं म्हणणं, नव्या फ्लॅटमध्ये हे ठेवायला जागा नाही, रविवारी रद्दीवाला येतोय. पुतण्याचं म्हणणं अगदी उलटं. त्याने एक बातमी टाकली : अमेरिकेत बेसबॉलच्या एका जुन्या कार्डाला, म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला, शंभर कोटी रुपये. खाली लिहिलं, "आत्या, तू तिथेच आहेस, कुणाला तरी दाखव ना!"

मी चोवीस वर्षं पिट्सबर्गमध्ये राहते. हे गाव बेसबॉलवेडं आहे, आणि या कार्डांचा नाद इथे मी जवळून पाहिला आहे. त्यामुळे पुतण्याला दोन ओळींत उत्तर देता आलं नाही.

बातमी खरी आहे. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटलचं, कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं १९५२ चं, ३११ क्रमांकाचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण त्या बातमीत जे येत नाही ते असं. त्या मालिकेतली शेवटची कार्डं उशिरा छापली गेली, तोवर मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलं होतं आणि माल पडून राहिला. मालिका घडवणारे साय बर्गर यांनीच पुढे सांगितलं की १९६० मध्ये उरलेल्या पेट्या बोटीत भरून न्यू जर्सीजवळ अटलांटिक समुद्रात टाकून दिल्या. घराघरांत वाचलेली कार्डंही मुलांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, नाहीतर मुलं मोठी झाल्यावर आयांनी फेकून दिली. म्हणजे आज हा भाव आहे तो तेव्हा कुणीच भाव दिला नाही म्हणून.

उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीला सगळ्यांना वाटायला लागलं की कार्ड म्हणजे मुलाच्या कॉलेजची फी. कंपन्यांनी अमाप छापली, लोकांनी पेट्याच्या पेट्या न फोडता तळघरात रचल्या. ती आजही तिथेच आहेत. इथले लोक त्या काळाच्या मालाला सरळ 'जंक' म्हणतात. जुनं झालं म्हणून काही महाग होत नाही, हे अमेरिकेतल्या कितीतरी तळघरांत रचून ठेवलेलं आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट लाखाला जाते असे व्हिडिओ फिरतात, लोक आधी 'कमिशन' भरतात आणि फसतात. रिझर्व्ह बँकेला २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. पुतण्याला मी तो इशाराच पाठवला.

मग भाव कशावर ठरतो? इथे पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. चित्र मधोमध छापलंय का, चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा पांढरी पडलीय का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे सगळं पाहतात. नुसता कोपरा किंचित झिजला तरी भाव कोसळतो. पेनने काही लिहिलेलं असेल तर विचारायलाच नको.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, स्टील मिलमधून निवृत्त झालेले. १३ ऑक्टोबर १९६० ला बिल मॅझरॉस्कीने शेवटच्या डावात चेंडू भिंतीपार मारून इथल्या पायरेट्स संघाला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकून दिली, तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. जुन्या फोर्ब्ज फील्ड मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमून त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रक्षेपण ऐकतात. आजोबांनी मला एकदा नेलं होतं. मला तेव्हा अण्णा आठवले. रेडिओला कान लावून बसलेले, बाळ ज. पंडितांचा आवाज, आणि मांडीवर वही.

आजोबा व्हिएतनामला गेले तेव्हा त्यांच्या आईने बुटाच्या खोक्यातली सगळी कार्डं टाकून दिली. एकच राहिलं, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं रॉबर्टो क्लेमेंटेंचं. क्लेमेंटे पायरेट्सचेच खेळाडू; पोर्तो रिकोचे, काळे, स्पॅनिश बोलणारे. टॉप्स कंपनी १९५७ पासून १९६९ पर्यंत त्यांचं नाव कार्डावर 'बॉब' छापत होती, त्यांना स्वतःला रॉबर्टोच हवं असताना. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि ते गेले. आजोबांनी तेव्हा निळ्या पेनने कार्डावरचं 'बॉब' खोडून 'रॉबर्टो' लिहिलं. काही वर्षांपूर्वी कार्ड शोमध्ये एका विक्रेत्याला ते दाखवलं, तर तो म्हणाला, लिहिलेलं आहे, याचं काही येणार नाही. आजोबा परत येताना गाडीत गप्प होते. मला त्या दिवशी फार राग आला. तो निळा शब्द आहे म्हणूनच ते कार्ड जगात एकटं आहे.

निष्कलंकपणाच्या या हव्यासातून काय होतं तेही याच गावाच्या हिरोच्या कार्डाने दाखवलं. होनस वॅग्नर पायरेट्सचे. संघाच्या आताच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या टी २०६ मालिकेत त्यांचं कार्ड लवकर बंद झालं, त्यांनीच हरकत घेतली म्हणून. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून की कंपनीने मोबदला दिला नाही म्हणून, यावर अजून वाद चालतो. त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. पण सगळ्यांत गाजलेली प्रत वेगळी. पीएसएने पहिल्यांदा तपासलेलं कार्ड तेच, गुण ८, आणि २००७ मध्ये किंमत २८ लाख डॉलर. २०१३ मध्ये एका लिलावदाराने न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या. शंभर वर्षांचा कागद कोरा दिसावा म्हणून त्याला कात्री लावली.

हा सगळा छंद ज्याच्या खांद्यावर उभा आहे तो माणूस मात्र बाजारातला नव्हता. जेफरसन बर्डिक, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचे, कारखान्यात काम करणारे, संधिवाताने बोटं वाकडी झालेले. कार्डांची शास्त्रशुद्ध यादी त्यांनी केली. टी २०६ हे नावही त्यांच्याच यादीतलं; टी म्हणजे तंबाखूबरोबर आलेलं. तीन लाखांहून जास्त छापील तुकडे, त्यांत तीसेक हजार बेसबॉलची कार्डं, त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि वर्षानुवर्षं तिथे जाऊन ते स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत काम पुरं केलं आणि मार्चमध्ये ते गेले. चिकटवले म्हणजे खरंच गोंदाने चिकटवले. आजच्या बाजाराच्या हिशेबाने त्यांनी मालाचं वाटोळं केलं. माझ्या हिशेबाने त्यांनी ते वाचवलं. पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये मी शाळेच्या सहलीत गेले होते. आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवले आणि सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. बर्डिकबद्दल वाचताना मला तेच आठवत राहतात.

यादीत जो नाही त्याचं काय होतं, याचंही उदाहरण याच गावात आहे. जॉश गिब्सन इथल्या होमस्टेड ग्रेज आणि क्रॉफर्ड्स संघांकडून खेळले. काळ्यांना मुख्य लीगमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून कार्डांतही नव्हता. १९४७ च्या जानेवारीत ते वारले, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मुख्य लीगच्या मैदानात उतरून ती बंदी मोडायच्या तीन महिने आधी. त्यांचं जे कार्ड लोक शोधतात ते पोर्तो रिकोचं आणि तेही मृत्यूनंतरचं. २०२४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे त्याच मुख्य लीगने, काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगच्या नोंदी आपल्या आकडेवारीत घेतल्या आणि गिब्सन फलंदाजीच्या .३७२ सरासरीने (हजार प्रयत्नांत ३७२ यशस्वी फटके) सर्वांत वर गेले. ते शक्य झालं कारण काही लोकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक धावफलक शोधून जुळवला होता. आपले पाळवणकर बाळू १९११ मध्ये इंग्लंडला गेले, शंभराहून जास्त बळी घेतले. वॅग्नरचं कार्ड सिगारेटच्या पाकिटातून निघत होतं तोच हा काळ. चांभार समाजातल्या या माणसाला संघाचं कर्णधारपद कधी दिलं नाही. आपल्या घरांतून गेलेल्या रद्दीत त्यांची किती छायाचित्रं, किती कात्रणं गेली असतील?

म्हणून दादा आणि पुतण्या, दोघांचंही मला पटत नाही. एकाला ट्रंकेत रद्दी दिसते, दुसऱ्याला लॉटरी, आणि दोघांनीही आतला एकही कागद उलटून पाहिलेला नाही. अण्णांची सवय मला माहीत आहे. ते प्रत्येक चित्राच्या मागे लिहून ठेवत : कुठून मिळालं, कुणी दिलं, कोणत्या दिवशी. सांगलीतच जन्मलेल्या विजय हजारेंची चित्रं त्यांनी सगळ्यांत जपली होती. इथला विक्रेता त्या अक्षरांपायी ती बाजूला सारेल. सांगलीत क्रिकेट कोण बघत होतं, कोण कुणाला मासिक देत होतं, याची दुसरी नोंद कुठेही नाही.

मी ग्रुपवर लिहिलं की विकणं, ठेवणं, कुठल्या संग्रहालयाला देणं, हे नंतर ठरवू. आधी प्रत्येक कागदाचे दोन फोटो काढा, पुढचा आणि मागचा, आणि वहीत नंबर घाला. हाताला ओल नको, आणि सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांनी ती कागद खाते. वहिनीने लगेच हो म्हटलं. पुतण्याने रात्री चाळीस फोटो टाकले, सगळे पुढच्या बाजूचे. मी पुन्हा लिहिलं, मागची बाजू कुठे?

पहाटे दादाचा निरोप आला. अण्णांचं अक्षर बारीक आहे, पोराला मोडी वळणाचं वाचता येत नाही. रद्दीवाल्याला नको म्हणून सांगितलंय. रविवारी मीच चष्मा लावून बसतो.