एक सेमिस्टर, तेवीस किलो

एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या विद्यापीठाने तुम्हाला घेतलंय, असं पत्र एकदाचं आलं. अभिनंदन! ते पत्र नीट वाचत बसू नका. आधी फॅमिली ग्रुपवर टाका. तिसऱ्या पानावर विषय निवडण्याची शेवटची तारीख असते, पण तिथवर पोचायच्या आत मावशीचा प्रश्न येतो, ‘तिकडे थंडी फार असते ना गं?’ महत्त्वाचं ते हेच.

विषयांचं थोडक्यात सांगते. सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. गुणाकार करू नका, उगाच जेवण जात नाही. तिकडचे कोणते विषय इकडे धरले जाणार, हे ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाच्या कागदावर दोन्हीकडून आधीच कबूल करून घ्यायचं असतं. एखाद्या सिनियरचा कागद मागवा, नाव खोडून आपलं घाला. तो मेकॅनिकलचा आणि तुम्ही अर्थशास्त्राच्या, हे कोण बघतंय.

जर्मन शिकायचीही गरज नाही, कोर्स इंग्रजीत आहे. बेकरीवाली, कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांवरच्या सूचना आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा त्या कचेरीतल्या बाई कोर्समध्ये येत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?

शिष्यवृत्ती नसेल, तर व्हिसासाठी महिना ९९२ युरोंच्या हिशेबाने पैसे आधीच एका खात्यात भरावे लागतात. ते आपलेच, पण दर महिन्याला ठरलेले तेवढेच हातात पडतात. जर्मनीत याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. आपल्याकडे बाबा म्हणतात.

आता मुख्य अभ्यासक्रम, म्हणजे बॅग. विमान कंपनी तेवीस किलो म्हणते. आईचा काटा वेगळा आहे. कुकर तीन किलोचा, पण तो ‘रिकामा थोडाच जाणार आहे’, म्हणून त्याच्या पोटात गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. मग आजीच्या हातचं साजूक तूप, पेढे आणि अंगणातला कढीपत्ता. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे दोन्ही बाद. रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला नसेल तर झाडपाल्यालाही बंदी, म्हणजे कढीपत्ताही गेला. हे घरी सांगून बघा. ‘एवढंसं तूप कोण बघतंय?’ (याच आईने तुमचं कपाट उघडून पंधरा सेकंदांत लायटर शोधला होता.)

त्या नियमाला पाच फळांची सूट आहे: केळं, खजूर, अननस, ड्युरियन आणि नारळ. ड्युरियन म्हणजे काय ते आईने विचारलं नाही. नारळ म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा असा उजळला, जणू तिकडच्या कुणीतरी तुमची ओटीच भरली.

पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी फोडणी घाला. खोलीच्या छताला एक पांढरी डबी असते, तिला मोहरीचा धूर सोसत नाही. ती कोकलायला लागली की मजल्यावरचे सगळे विद्यार्थी दारात येतात. ओळखी करून घ्यायचा याहून झटपट उपाय मला ठाऊक नाही. रविवारी हे करू नका. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि शेजाऱ्यांना शांतता हवी असते.

निकालाचं मात्र घरी आधी काही बोलू नका. तिकडे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसेबसे पास. ४.० मिळाले तर तेवढा आकडाच कळवा. इथे पेढे वाटले जातील.

निघायच्या दिवशी सात माणसं आणि एक बॅग घेऊन गाडी पुण्याहून मुंबईच्या विमानतळावर येते. काट्यावर अठ्ठावीस किलो. तिथेच बॅग उघडायची. जाडं जॅकेट अंगात चढवायचं, ते ऑक्टोबरच्या मुंबईत शोभूनही दिसतं. तरी दोन किलो जास्तच. मग आई जर्मन व्याकरणाचं पुस्तक, कोर्सची छापील यादी आणि बूट बाहेर काढते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नारळ सरळ करून ठेवते. शेंडी वर.