चमत्कार झाला नाही, तरीही

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की आमच्या मालवणच्या ग्रुपवर ठरावीक व्हिडिओ फिरायला लागतात. कुठेतरी मरियेच्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं, कुठे ढगात येशूचा चेहरा दिसला. खाली ओळ ठरलेली: 'आता तरी जगाने विश्वास ठेवावा.' मी कॅथलिक आहे, रविवारची मिस्सा चुकवत नाही, घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. आणि या व्हिडिओंचा मला मनापासून त्रास होतो.

2012 साली मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून पिऊ लागले. सनल एडामारुकू नावाचे विवेकवादी गृहस्थ तिथे गेले आणि त्यांनी दाखवून दिलं की जवळचं गटार तुंबलंय, ते पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप शोषलं जाऊन, भिंतीतून वर चढतंय. शाळेतलं विज्ञान. त्यांचे आभार मानायला हवे होते, निदान लोकांचं ते पाणी पिणं थांबलं असतं. त्याऐवजी आपल्याच काही लोकांनी धार्मिक भावना दुखावल्याची पोलिसांत तक्रार केली आणि त्या माणसाला देश सोडून फिनलंडला जावं लागलं. गटाराचं पाणी निघालं म्हणून माझा प्रभू कुठे कमी झाला? ज्यांना कमी झाल्यासारखं वाटलं, त्यांचा विश्वास नक्की कशावर होता?

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रकथा, नीट वाचा. परुशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ यहुदी, येऊन आकाशातलं चिन्ह मागतात, तेव्हा मार्क लिहितो की येशूने खोल उसासा टाकला, या पिढीला चिन्ह मिळणार नाही म्हणाला आणि मचव्यात बसून पलीकडे निघून गेला. वाद घातला नाही, समजूतही काढली नाही. मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील, हे सुचवणारा कोण होता ते सगळ्यांना माहीत आहे: सैतान. आणि क्रूसावर असताना खालून लोक ओरडत होते, आता खाली उतर म्हणजे विश्वास ठेवतो. तो उतरला नाही.

'मग आंधळ्यांना डोळे दिले, पाच हजारांना जेवू घातलं, ते काय?' असं कोणी विचारेल. ते मी मानतोच. पण योहानाचा सहावा अध्याय उघडा. भाकरी पोटभर खाल्लेली तीच माणसं दुसऱ्या दिवशी येशूला विचारतात, आम्ही विश्वास ठेवावा म्हणून तू कोणतं चिन्ह दाखवतोस? चमत्काराने मिळवलेला विश्वास एक रात्रसुद्धा टिकला नाही. पुनरुत्थान तर माझ्या विश्वासाचं मूळच आहे, पण येशू उठला तो क्षण चारही शुभवर्तमानांत कोणी पाहिलेला नाही. मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींत तर रिकामी कबर पाहून बायका भीतीने पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि पुस्तक तिथेच संपतं. साक्षीपुरावे जुळवून खटला जिंकायचा असता तर असा शेवट कोणी ठेवला नसता.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो असं नाही. माझे पप्पा रापणकर होते. पहाटे होडीतून जाळं सोडायचं, मग किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर खांद्याला लावून ओढत बसायचं. कधी बांगड्यांचा ढीग, कधी नुसतं शेवाळ आणि प्लास्टिक. जाळं सोडण्याआधी ते क्रूसाची खूण करायचे. आदल्या दिवशी काय मिळालं याच्याशी त्या खुणेचा काही संबंध नसायचा.

त्यांना घशाचा कॅन्सर झाला. उपचार चालू होतेच, पण नातेवाईकांनी हट्ट करून एका आरोग्यप्रार्थनेच्या सभेला नेलं. प्रवचनकाराने डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली. फरक पडला नाही. तेव्हा तो मम्मीला म्हणाला, 'घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय.' त्या रात्रीपासून मम्मी झोपेना. आपलं काय चुकलं ते शोधत राहिली, लग्नाआधीचं काहीबाही आठवून फादरांकडे पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जायची. आजारी नवरा एकीकडे आणि हे ओझं दुसरीकडे. एवढं दुष्ट वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही, आणि ते देवाच्या नावाने बोललं गेलं.

पप्पांनी तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून फादर देतात तो संस्कार, घेतला तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता. मम्मीला म्हणाले, 'बरो झालंय तर रापणीक जातलंय, नाय झालंय तर देवाकडे. खंयय गेलंय तरी त्याच्याचकडे.' जगलो तरी प्रभूचे, मेलो तरी प्रभूचे, हे संत पौलाने रोमकरांना लिहिलं आहे. पप्पांनी ते वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

ते गेले. त्यानंतर माझा विश्वास उडाला नाही याचं मित्रांना नवल वाटतं. पुरावा काय, असं ते विचारतात. प्रामाणिक मित्र आहेत, मी त्यांच्याशी भांडत नाही. पुरावा माझ्याकडे नाही, आणि तो शोधायलाही मी निघालेलो नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये छापून आली, त्यांत वर्षानुवर्षं देव जवळ असल्याचं काहीच जाणवत नव्हतं हे त्यांनी स्वतः लिहिलंय. तरी सकाळी उठून मिस्सा, मग रस्त्यावरची मरणारी माणसं. त्या पत्रांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या व्हिडिओने दिला नाही.

प्रार्थनेने कोणी बरं झालं तर मला आनंदच आहे. त्याने स्टेजवर जाऊन साक्ष द्यावी. पण आपल्या सभांमध्ये माईक फक्त बरे झालेल्यांच्याच हातात जातो. ज्यांच्या घरी माणूस गेला आणि तरी रोज संध्याकाळी तेर्स होतो, त्यांनाही एकदा बोलवा. मम्मी यायला तयार आहे, मी तिला विचारलंय.