थंडीचे दिवस नुसत्या सामन्यांत घालवू नका

भात झोडून झालं, तुळशीची लग्नं लागली की आपल्याकडे कोकणात मळ्यांत, कातळाच्या सड्यांवर क्रिकेटची मैदानं तयार होतात आणि लगेच चषकांचे बॅनर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं. तिथले क्लब हॉलमध्ये नेट लावून सराव करतात. आपल्याकडे मात्र जमीन कोरडी आणि ऊन सोसवेल असे दिवस हेच. शिमग्यानंतर उकाडा, जूनपासून पाऊस. एवढे चांगले महिने आपण एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत पळण्यात संपवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. सहा ओव्हरच्या सामन्यात सातव्या नंबरच्या पोराच्या वाट्याला येऊन येऊन दोन-तीन चेंडू येतात. तो शिकणार कधी?

जिथे सराव होतो तिथेही एकजण बॅटिंग करतो, दोघं-तिघं बॉलिंग टाकतात आणि बाकीचे माडाच्या सावलीत मोबाईल घेऊन बसतात. पंधरा पोरं आली तर तीन गट पाडा. एक नेटमध्ये, एक कॅचेसला, एक थ्रो आणि पळण्याला. वीस-वीस मिनिटांनी शिट्टी मारून गट बदला. दीड तास भरपूर झाला. डिसेंबरात संध्याकाळी सहा वाजून गेले की अंधारतं, कामावरून सुटून कोणी पोहोचत नाही, म्हणून सकाळच धरावी लागते. पण सकाळी दव असतं आणि सीझनचा, म्हणजे चामड्याचा चेंडू भिजला की जड होतो, शिवणही लवकर जाते. तेव्हा आधी पळणं, वॉर्मअप, टेनिसच्या चेंडूवर कॅचेस. ऊन वर आलं की मग नेट.

नेटमध्येही नुसतं हाणत सुटायचं नाही. आपल्या मालवणात जन्मलेले, सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करणाऱ्या बॉलरला ते नाणं, आणि सचिन शेवटपर्यंत टिकला तर त्याला. खर्च एक रुपया, पण प्रत्येक चेंडूला किंमत यायची. आपणही 'शेवटच्या दोन ओव्हर, वीस रन हवेत' असं सांगून फिल्ड लावू शकतो.

आता फिल्डिंगचं. कातळावर कोणी डाईव्ह मारत नाही, आणि मारूही नये. पण आपल्याला पुळण, किनाऱ्यावरची वाळू आहे ना! कोरड्या मऊ वाळूत पोरं बिनधास्त झेपावतात, आणि पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवर पळायला जागा मिळते. वेळ मात्र तिथी बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी ओहोटी असते, अष्टमीला नेमकी भरती. गावातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, तो पंचांग न उघडता सांगेल. महिन्यातल्या दोन-तीन सकाळी तरी किनाऱ्यावर न्याच.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पंधरा-सोळा वर्षांच्या फास्ट बॉलरची. शनिवारी रात्री फ्लडलाईटमध्ये एका गावाकडून, रविवारी दुसऱ्याकडून, वर नेटमध्येही तोच टाकतोय. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यावर हा ताण येतो आणि त्याला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. इंग्लंडच्या बोर्डाने मुलांच्या वयाप्रमाणे एका स्पेलच्या आणि दिवसाच्या ओव्हर ठरवून दिल्या आहेत. आपण निदान वहीत त्याचे चेंडू मोजू, नेटमधले धरून. 'आज बस' हे त्याला कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं, कारण तो स्वतः कधीच सांगणार नाही.

आणि आठवड्यातून एकदा तरी सीझन बॉल. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा, सीझनचा १५६ ते १६३. बॅट आडवी फिरवायची सवय एकदा हाडात मुरली की सीझनच्या चेंडूपुढे निभाव लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतात, तिथली निवड सीझन बॉलवर होते. आपली पोरं हाताने कमी नाहीत, त्यांना हा चेंडू खेळायला मिळतच नाही. भारताचे माजी कर्णधार दिलीप वेंगसरकर यांचा जन्म राजापूरचा, पण ते घडले मुंबईच्या मैदानांवर. आजच्या पोराला त्यासाठी गाव सोडावं लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.

एकेका मंडळाला हे सगळं परवडणार नाही, मान्य. मग शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी मिळून करा. चाकरमान्यांकडे दरवर्षी चषकासाठी वर्गणी मागतो, यंदा त्यांच्याकडे एक मॅट, एक नेट आणि दोन हेल्मेट मागा.