बीई-टू म्हणे ‘सगळ्यात टुकार फायटर’!

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. बीई-टू या ब्रिटिश बायप्लेनचा (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचा) फोटो आणि खाली मजकूर, की हे पहिल्या महायुद्धातलं सगळ्यात टुकार फायटर, बनवणाऱ्यांना अक्कल नव्हती म्हणून बंदूकवाल्याला पुढे बसवला, विमान इतकं मठ्ठ की वळायचंच नाही आणि शत्रूचं काहीही त्याने कधी पाडलं नाही. यातलं फार तर अर्धं वाक्य खरंय.

मुळात फायटर आलं कुठून? डिझायनर-पायलट जेफ्री डी हॅविलँडने इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात हे विमान १ फेब्रुवारी १९१२ ला उडवलं तेव्हा फायटर नावाचा प्रकारच नव्हता. लष्कराला टेहळणी हवी होती, म्हणजे वर जायचं, शत्रूची पलटण कुठे निघालीय ते टिपायचं आणि परत यायचं, बस. गंमत म्हणजे त्या सरकारी कारखान्याला नवीन विमान बांधायची परवानगीच नव्हती, फक्त दुरुस्ती करायची, म्हणून याच्या आधीचं बीई-वन एका व्हॉइसिन विमानाची ‘दुरुस्ती’ म्हणून दाखवलं, त्यातलं इंजिन तेवढं जुनं! आपल्याकडे डागडुजीच्या नावाखाली अख्खा बंगला उठतो ना, तसंच. आणि ऑगस्ट १९१२ मध्ये याच बीई-टूने पॅसेंजर घेऊन १०,५६० फूट गाठले, ब्रिटनचा रेकॉर्ड.

आता तो पुढे बसलेला माणूस. तो बंदूकवाला नव्हता हो, ऑब्झर्व्हर होता. त्याची सीट विमानाचा तोल जिथे सांभाळला जातो तिथे जवळच ठेवलेली, म्हणजे पायलट एकटा गेला तरी तोल ढळत नाही. पुढे बंदूक आल्यावर मात्र त्या बिचाऱ्याचे हाल झाले, समोर पंखा, आजूबाजूला खांब आणि तारा, मागे गोळी झाडायची तर पायलटच्या डोक्यावरून. ते अर्धं खरं वाक्य हेच.

मठ्ठ म्हणताय तर ते मुद्दाम केलेलं होतं. १९१४ च्या बीई-टू-सी, म्हणजे याच विमानाच्या सुधारित आवृत्तीमागे, इंजिनिअर एडवर्ड बस्कचं संशोधन होतं, हात सोडला तरी विमान आपोआप सरळ राहावं म्हणजे पायलटलाही खाली बघता येईल. त्याच नोव्हेंबरात बस्क स्वतः बीई-टू-सी उडवताना हवेतच आग लागून गेला, अक्कल काढताना एवढं तरी लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी जर्मनांचं फोकर हे लढाऊ विमान आलं, पंख्याच्या पात्यांमधून नेमकी गोळी झाडणारं, आणि जो गुण होता तोच गळ्याशी आला. १ ऑगस्ट १९१५ ला जर्मन पायलट इमेलमनने पहिली शिकार केली ती बीई-टू-सीचीच, पण त्या बीई-टू-सीचा पायलट एकटाच बॉम्ब टाकायला गेला होता, वजनापायी ऑब्झर्व्हरला मागेच ठेवलेलं. हाताला गोळ्या लागल्या, कसाबसा उतरला आणि कैद झाला.

काही पाडलं नाही? ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे ब्रिटिश पायलट लीफ रॉबिन्सनने लंडनच्या उत्तरेला कफलीपाशी एसएल-११ ही जर्मन एअरशिप (गॅसवर तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज) जाळून पाडली, बीई-टू-सी मधूनच, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रात्रीच्या अंधारात हेच ‘मठ्ठ’, स्थिर विमान कामाला आलं. त्याच वर्षी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूट इथे ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात उपाशी होती, त्यात मराठा पलटणीही होत्या, तेव्हा धान्याची पोती वरून टाकणाऱ्या विमानांत बीई-टू-सी होतं. इतकंच काय, दळायला जात्याचे दगडसुद्धा पॅराशूटने टाकले. पुरलं नाही ते, २९ एप्रिलला कूट पडलं, पण तो दोष विमानाचा नव्हे.

चिडायचंच असेल तर ऑर्डरी काढणाऱ्यांवर चिडा ना. साधारण साडेतीन हजार बीई-टू बनली, आणि १९१२ च्या या टेहळणी विमानाचा सुधारलेला भाऊ बीई-टू-ई एप्रिल १९१७ मध्येसुद्धा फ्रान्समध्ये अल्बाट्रॉस या जर्मन फायटरच्या तोंडी दिला जात होता.