‘स्वतः चालवून पाहिलंय का?’ : ‘जुना वाचक’ यांना उत्तर

कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक काढणारं आमचं हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतलं इंजिन वेबअसेम्बलीत (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा खालच्या पातळीच्या कोडच्या रूपात) नेऊन ब्राउझरमध्ये कसं चालवलं, यावर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. नाव जुनं, खातं नवं. असो. दोन दिवस गप्प बसले. मग पाहिलं तर तिला सहा अंगठे पडलेले. म्हणून हे उत्तर. खालच्या चौकटीत मावेना, तेव्हा वेगळं टाकतेय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा, जमेल तितक्या प्रामाणिकपणे. वेबअसेम्बली ही सी, सी++, रस्ट अशा भाषांसाठी आहे, गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) लागणाऱ्या भाषा तिथे ओढूनताणून बसवल्या जातात. डॉमला, म्हणजे पानावरच्या घटकांच्या रचनेला, हात लावायचा तर शेवटी जावास्क्रिप्टच्याच दारात उभं राहावं लागतं. डेमोचं पान यांच्या फोनवर नऊ सेकंद पांढरं राहिलं. वॅझम-जीसी (वेबअसेम्बलीत ब्राउझरचाच कलेक्टर वापरायची सोय) ‘२०२३ मध्ये सगळ्या ब्राउझरांत आलं’ हे माझं विधान चूक आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य, जसंच्या तसं: ‘लेखिकेने यातलं काही स्वतः चालवून पाहिलंय की नुसती कागदपत्रं वाचून लिहिलंय, अशी शंका येते.’

‘शंका येते’ हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. शिंक येते, झोप येते, तशी शंका येते. आणणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ‘मला वाटतं तुम्ही हे चालवलेलं नाही’ असं लिहायला अर्धी ओळ पुरली असती, पण मग ते वाटणं तुमचं झालं असतं आणि कशावरून वाटलं तेही सांगावं लागलं असतं. टीकेचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्या चुका काढणारे लोक आहेत आणि त्यातल्या दोघांशी माझी आता चांगली ओळख आहे. फरक इतकाच की त्यांनी चूक काढली, माझी झडती घेतली नाही. आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मला नवा नाही. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवताना ‘हे तू स्वतः केलंस?’ असं विचारणारे परीक्षक भेटलेत. त्यांना मी कोड उघडून दाखवला होता. तुम्हालाही दाखवते.

हे इंजिन मी लिहिलं तेव्हा ते फक्त सर्व्हरवर चालायचं. नंतर मागणी आली की आकडा टाइप करता करता वेळापत्रक बदललं पाहिजे, नेट नसलं तरी. तेव्हा आम्ही तेच केलं जे तुम्ही आज सुचवताय (‘साध्या जावास्क्रिप्टमध्ये एका संध्याकाळचं काम’, तुमचेच शब्द). नियम जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिले. एक संध्याकाळ नाही, तीन आठवडे लागले, पण झालं. मग एके दिवशी तक्रार आली की पानावरचा शेवटचा हप्ता आणि सर्व्हरवरचा शेवटचा हप्ता यांत एका एककाचा फरक पडतोय. कधीकधीच. ठरावीक रकमांनाच.

कारण काय होतं, सांगू? हास्केलचं ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. जावास्क्रिप्टचं ‘मॅथ राउंड’ अर्धा वर ढकलतं, २.५ चे ३. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर, दोघींच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं, आणि दोन्ही वाचलेल्या माणसांनी नक्कल करतानाही ते सुटलं. त्यातून हास्केलमध्ये आम्ही अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवले होते, अंश आणि छेद वेगळे. जावास्क्रिप्टची साधी संख्या म्हणजे ६४ बिटांचा फ्लोट, ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे बरोबर ०.३ येत नाही. ही ओळ सगळे विनोद म्हणून सांगतात. आमच्याकडे ती तक्रार म्हणून आली.

दुसरी गंमत लांब मुदतीची. तीस वर्षं, रोजच्या व्याजाची नोंद, म्हणजे जवळपास अकरा हजार पायऱ्या. हास्केलच्या सवयीने मी नक्कलही रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी, लिहिली होती. काही ब्राउझरांत ती चालायची, काहींत कॉल स्टॅक (अर्धवट राहिलेल्या फंक्शनांची नोंद ठेवायची मर्यादित जागा) संपला म्हणून हात वर करायची. २०१५ च्या जावास्क्रिप्ट मानकात टेल कॉलची (शेवटचं काम म्हणून दुसऱ्या फंक्शनला बोलावताना स्टॅक न वाढू देण्याची) सोय आहे, पण मोठ्या ब्राउझरांपैकी ती अमलात आणली फक्त सफारीने. म्हणजे मानकावर विसंबून लिहिलं तरी तोंडघशी. तिथे मी फंक्शन मोडून लूप केलं आणि त्या दिवसापासून नियमांच्या दोन प्रती दोन वेगळ्या आकारांच्या झाल्या. एकीत बदल केला की दुसरीत तो कुठे बसतो हे शोधण्यात सकाळ जायची. हे ज्याने भोगलंय तो ‘जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहा’ इतक्या सहज म्हणत नाही.

मग हास्केलचं जावास्क्रिप्ट करून देणारं जीएचसीजेएस करून पाहिलं. ते जीएचसी या हास्केलच्या मुख्य कंपाइलरच्या ८.१० आवृत्तीपाशी थबकलं होतं आणि आमचं इंजिन पुढे गेलं होतं. सोडून दिलं. मार्च २०२३ मध्ये जीएचसी ९.६ आलं, त्यात वेबअसेम्बलीचा बॅकएंड (तसा कोड काढून देणारा भाग) होता, आणि त्याच महिन्यात मी तो उतरवून घेतला. पहिला बांधणीचा हुकूम सुटला आणि मॉड्यूल तयार झालं तेव्हा मला वाटलं, झालं की! ब्राउझरने ते उघडायलाच नकार दिला. मॉड्यूलला घड्याळ हवं, लिहायला फाइल हवी, म्हणजे वाझी नावाच्या व्यवस्थेतली फंक्शनं हवीत, आणि ब्राउझरकडे ती नसतात. त्यांची नक्कल करणारा पातळ थर जावास्क्रिप्टमध्ये घालावा लागतो. तो घातला. मग मॉड्यूलला आधी स्वतःची मांडामांड करू न देता मी थेट हास्केलचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना मेमरी वगैरे सांभाळणारी यंत्रणा) सुरू केला आणि सगळं पुन्हा आडवं. कागदपत्रं वाचून लिहिणाऱ्याला हा क्रम आधीच ठाऊक असतो. तो चुकवायला चालवून पाहावं लागतं.

पण एकदा उभं राहिल्यावर ते अकरा हजार पायऱ्यांचं कर्ज निमूट चढलं. इथे कौतुक माझं नाही, जीएचसीच्या बांधणीचं आहे. हास्केलचा स्टॅक ब्राउझरच्या कॉल स्टॅकवर नसतोच, तो जीएचसीच्या स्वतःच्या हीपमध्ये, म्हणजे लागेल तशी घ्यायच्या मेमरीत, असतो, त्यामुळे खोली मेमरीवर ठरते. आणि टेल कॉल? क्रोमने वेबअसेम्बलीत ते ११२ व्या आवृत्तीत आणले, पण जीएचसी त्यांची वाट पाहत बसलं नाही. प्रत्येक फंक्शन पुढे कोणाकडे जायचं त्याचा पत्ता परत करतं आणि एक छोटं लूप तो पत्ता उचलून पुढच्याला बोलावतं. ट्रॅम्पोलिन म्हणतात याला. थोडा वेग जातो, पण स्टॅक चढत नाही.

आता ज्या प्रकरणाने माझ्या तीन रात्री खाल्ल्या ते. मे २०२४ च्या ९.१० मध्ये जावास्क्रिप्टशी थेट देवाणघेवाण करायची सोय आली. मी उत्साहाने प्रत्येक रकान्याला हास्केलचंच फंक्शन कॉलबॅक म्हणून, म्हणजे रकाना बदलला की बोलावलं जाईल असं, जोडलं. रकाने पुसून नवे काढले की जुने जायला हवेत ना? जाईनात. तासाभराच्या वापरात टॅबची मेमरी फुगत जायची आणि उतरायची म्हणून नाही. मला वाटलं हास्केलचा आळस नडला, न सोडवलेले थंक (पुढे ढकललेले हिशेब) साठलेत. एक अख्खी रात्र मी जिथे तिथे कडक मूल्यांकन घालत बसले. काही फरक नाही.

खरी गोष्ट अशी की या घरात दोन झाडूवाले आहेत आणि दोघांना एकमेकांची खोली दिसत नाही. जीएचसीचा गार्बेज कलेक्टर वेबअसेम्बलीच्या सरळ मेमरीत फिरतो. जावास्क्रिप्टचा आपल्या हीपमध्ये. रकान्याने कॉलबॅक धरलेला, कॉलबॅकने हास्केलचं क्लोजर (फंक्शन आणि त्याला लागणारी मूल्यं) धरलेलं, आणि त्या क्लोजरच्या पोटात पुन्हा तोच रकाना. वर्तुळ पूर्ण. याला वाटतं पलीकडच्याला हवंय, त्याला वाटतं अलीकडच्याला हवंय, आणि कचरा दोघांच्या उंबऱ्यावर पडून. जावास्क्रिप्टकडचं हँडल मेलं की हास्केलची बाजू मोकळी करायची व्यवस्था आहे, पण वर्तुळात कोणी मरतच नाही. उपाय साधा निघाला: रकाना पुसताना कॉलबॅक हाताने मोकळा करायचा. एकूण चार ओळी. त्यातही सरळ मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते आणि एकदा वाढली की आकसत नाही, त्यामुळे गळती बुजवली तरी गाठलेला उच्चांक टॅब बंद होईपर्यंत तसाच राहतो. ही चौथ्या रात्रीची अक्कल.

तर, जुने वाचक, ही झाली माझी हजेरी. आता तुमची? प्रतिक्रियेत ‘मी हे करून पाहिलं तेव्हा’ असं एकही वाक्य मला सापडलं नाही. पान उघडून नऊ सेकंद थांबणं याला चालवून पाहणं म्हणत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला माझी हरकत नाही, पण निदान शेळी आपली असावी.

एक गोष्ट मान्य करते, आणि मोकळ्या मनाने. वॅझम-जीसी २०२३ च्या अखेरीस क्रोम ११९ आणि फायरफॉक्स १२० मध्ये आलं. सफारीत ते आलं १८.२ बरोबर, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये. ‘सगळ्या ब्राउझरांत’ हे माझे शब्द चुकले. ओळ दुरुस्त केली आहे, खाली तशी नोंदही टाकली आहे. पण एक बारीकशी अडचण आहे. जीएचसीचा बॅकएंड वॅझम-जीसी वापरतच नाही. त्याचा हीप त्याचा, कलेक्टर त्याचा. वरच्या झाडूवाल्यांच्या रामायणाचं कारणच ते. त्यामुळे तुम्ही पकडलेला चोर खरा, फक्त आमच्या घरात तो शिरला नव्हता.

‘ओढूनताणून बसवल्या जातात’ हे २०१७ सालापुरतं ठीक होतं. आज ओकॅमल या भाषेचा वेबअसेम्बली कंपाइलर ब्राउझरचाच कलेक्टर वापरतो, गाइल स्कीम या भाषेचा हूट हा कंपाइलरही तेच करतो, आणि दोन झाडूवाल्यांचा प्रश्न तिथे उरत नाही, कारण झाडूवाला एकच. तिथले काटे वेगळे आहेत. ओकॅमलचे एरवी ६३ बिटांचे पूर्णांक तिथे ३१ बिटांवर येतात, म्हणजे १,०७,३७,४१,८२३ च्या पुढे एक मिळवला की रक्कम ऋण. हे मला कसं कळलं ते विचारू नका. किंवा विचाराच, चालवूनच कळलं.

डॉमचं म्हणाल तर हो, जावास्क्रिप्टमधून जावं लागतं, मजकूर अलीकडून पलीकडे नेताना त्याची प्रत काढावी लागते, आणि पडद्यावर सतत काहीतरी हलतं ठेवायचं असेल तर ते जाचक आहे. आमचं काम हिशेबाचं आहे. एकदा आकडे आत जातात, एकदा तक्ता बाहेर येतो. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

नऊ सेकंदांबद्दल मी काय बोलणार? तुमचा फोन कोणता, जोडणी कशी, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. माझ्या लॅपटॉपवर पान लगेच उघडतं. रनटाइमसकट सगळं एका फाइलमध्ये येतं, तेव्हा ती चिमुकली नसणार हे उघड आहे, आणि लेखात ‘हलकं’ हा शब्द मी पानाबद्दल नाही, कोडबद्दल वापरला होता. संदर्भासकट वाचलं असतंत तर लक्षात आलं असतं.

प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा खऱ्या नावाने लिहिलीत तर बरं वाटेल, नाही लिहिलीत तरी उत्तर मिळेल.

आणि इतर वाचकांसाठी: डेमोचं पान आज रात्रीपासून दोन-तीन दिवस बंद असेल. मॉड्यूलची फाइल दाबून पाठवायचं सर्व्हरवर राहून गेलं होतं, शिवाय ती पूर्ण उतरल्यावरच कंपाइल व्हायला लागायची. आता उतरता उतरता होईल. हे काम आधीपासूनच यादीत होतं.