‘झाप’ झोपेतून आलेला नाही

सह्याद्रीच्या माथ्यावर, जुन्नर आणि अकोले तालुक्यांकडच्या पठारांवर, गुराखी आणि धनगर ज्या खोपीला ‘झाप’ म्हणतात, तिच्याविषयी एक मजकूर सध्या पुष्कळ फिरतो आहे. झाप म्हणजे नुसती रात्री पाठ टेकण्याची जागा, ‘झोप’वरून ‘झोपडी’ आणि झोपडीचा अपभ्रंश ‘झाप’, शिवाय हा शब्द डोंगराबाहेर कोणाला ठाऊक नाही, असे त्यात म्हटले आहे.

यातले पहिले विधान झाप पाहिलेला माणूस करणार नाही. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, वर गवताचे छप्पर, आणि एकाच आढ्याखाली इकडे चूल तर तिकडे दावणीला गुरे, असा तो पावसाळाभराचा संसार असतो.

झोपडीचे म्हणाल, तर बाराव्या शतकातला गुजरातेतला जैन पंडित हेमचंद्र याच्या व्याकरणात उदाहरणादाखल दिलेल्या एका दोह्यात, माझा नवरा तिथे असताना ‘झुम्पडा’, म्हणजे झोपड्या, जळतीलच कशा, असे एक स्त्री विचारते. आणि तो दोहा अपभ्रंश याच नावाच्या, प्राकृतानंतरच्या भाषेतला आहे, हा योगायोग मजेचा. पुढे गुजरातीत ‘झूंपडी’ आणि हिंदीत ‘झोंपडी’ दिसते, पण तिथे निद्रेला अनुक्रमे ‘ऊंघ’ आणि ‘नींद’ म्हणतात. मराठी झोपेचा आधार नसतानाही तिथे झोपडी उभी आहे, तेव्हा ही व्युत्पत्ती टिकत नाही.

डोंगराबाहेर शब्द नाही, हे तर सपशेल चूक. कोकणात माडाचे चुडत, म्हणजे झावळी, पाण्यात भिजवून, दांडा मधोमध चिरून, पाती एकाआड एक विणली की जो पडदा तयार होतो, तो झाप. मांडवावर तो घालतात आणि पावसाच्या झडीपासून मातीच्या भिंती राखायला उभाही बांधतात. बंगालीत दुकानापुढच्या बांबूच्या झडपेला ‘झांप’ म्हणतात, हिंदीत ‘झाँपना’ म्हणजे झाकणे. या सगळ्यांत समान आहे ते आच्छादन, आणि माझ्या मते डोंगरातल्या खोपीला नाव मिळाले तेही तिच्यावरच्या आच्छादनावरूनच.

झोपेशी नाते जोडायचेच असेल, तर ‘झापड’ पाहावी. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात तीही झापड आणि पेंगुळलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येते तीही झापडच. मात्र तिथेही डोळे आधी झाकले जातात, झोप मागून येते.