‘हिंदी शिपायांच्या नोंदीच नाहीत’? आधी पदकाची कड वाचा

एक मजकूर गेली दोन-तीन वर्षं मोबाईलवर एका गटातून दुसऱ्या गटात फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी शिपाई लढले, पण इंग्रजांनी त्यांच्या नोंदी ठेवल्याच नाहीत. ज्या होत्या त्या लंडनमध्ये जाळून टाकल्या. आपल्या माणसांना पदकं दिली तीही हलक्या धातूची, बिननावाची. तेव्हा पणजोबांचा शोध घेण्यात अर्थ नाही. चांदी असेल तर मोडा, कागद रद्दीत घाला.’

यातला संताप मला कळतो, आणि तो कुठे खरा आहे तेही पुढे सांगतो. पण शेवटच्या ओळीने जे नुकसान होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या आत्याकडे, पाटण तालुक्यातल्या गावी, देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीला एक गोल चांदीची चकती असायची. एका बाजूला बोडक्या डोक्याचा दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा पुरुष. आत्या त्याला खंडोबा म्हणूनच पुजायची. दर दसऱ्याला टाकांबरोबर चिंच लावून उजळल्यामुळे घोडा पार गुळगुळीत झालेला. गेल्या वर्षी नवरात्राआधी टाक नवे करायचं ठरलं, तेव्हा हाच मजकूर वाचून आतेभावाने ती चकती मोडीत काढली. सराफाच्या काट्यावर ती चढली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. उचलली आणि मोबाईलच्या उजेडात कड फिरवून पाहिली. बारीक ठोकलेली इंग्रजी अक्षरं होती: आधी शिपायाचा नंबर, मग ‘सिपॉय’ म्हणजे शिपाई, मग आमच्या पणजोबांचं नाव, वेडंवाकडं का होईना पण त्यांचंच, आणि शेवटी ‘११० मराठाज’, म्हणजे त्यांची पलटण.

घरात त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ‘बसऱ्याला गेले, परत आले नाहीत’. बसरा म्हणजे इराकमधलं बंदर. मेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचं पान कायम सर्वपित्रीला.

आता मजकुरातला एकेक दावा घेऊ.

‘नोंदी लंडनमध्ये जाळल्या.’ हे अर्धवट ऐकलेल्या गोष्टीतून आलंय. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरचं युद्धखात्याचं दप्तर पेटलं आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवानोंदींपैकी सुमारे ६० टक्के गेल्या. ज्या वाचल्या त्यांना आजही ‘जळकी कागदपत्रं’ असंच म्हणतात. पण ही कागदपत्रं ब्रिटिश सैन्यातल्या शिपायांची होती. हिंदी सैन्य हे वेगळं सैन्य, हिंदुस्थान सरकारचं. आपल्या शिपायांचे कागद इथेच, पलटणींच्या डेपोंत असायचे. म्हणजे जळालं ते आपलं नव्हतं, आणि ते इंग्रजांनी जाळलेलंही नव्हतं. एका हिंदी शिपायाची सबंध सेवापुस्तिका आज हाती लागणं दुर्मिळ आहे, हे खरं. पण सेवापुस्तिका नाही म्हणजे नोंद नाही, असं नव्हे.

‘नोंदी ठेवल्याच नाहीत.’ हा मुख्य दावा, आणि तो सगळ्यात जास्त चुकीचा.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं, लढणारी आणि कामकरी मिळून, समुद्रापार गेली. त्यांतली ७४,००० च्या आसपास मेली. मेलेल्यांच्या याद्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) आहेत आणि घरबसल्या, फुकट पाहता येतात. आपल्याकडच्या नावांपुढे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. सापडत नाहीत ती शोधण्याच्या पद्धतीमुळे. पवारचं ‘पोवार’ होतं, मराठाचं ‘महरट्टा’ होतं, आणि नाव-आडनाव वेगवेगळ्या खान्यांत असेलच असं नाही. नुसतं आडनाव टाकून हात हलवत परतलेली कितीतरी माणसं मला भेटलीत. म्हणून तर कडेवरचा नंबर लाखमोलाचा. नावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं, नंबर सहसा बदलत नाही.

जिवंत परतलेल्यांच्याही नोंदी आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातल्या ३,२०,००० शिपायांची गावनिहाय रजिस्टरं होती, तब्बल २६,००० पानं. १९१९ मध्ये केलेली ही रजिस्टरं जवळजवळ शंभर वर्षं तशीच पडून राहिली, आणि २०२१ मध्ये त्यांचा पहिला भाग लोकांसाठी खुला झाला. ती पंजाबची आहेत, साताऱ्याचा माणूस तिथे शोधू नये. पण ‘ठेवल्याच नाहीत’ म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरे.

फ्रान्सच्या आघाडीवरून आपल्या शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरच्या कचेरीत उघडली जात आणि त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले जात. हेतू पाळतीचा होता. पण मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली आणि पाळतीसाठी केलेले तर्जुमे ब्रिटिश लायब्ररीत उरले. चिखल, थंडी, घरच्या म्हशीची चौकशी, भावाला ‘तू भरती होऊ नकोस’ म्हणून आडून दिलेला इशारा, सगळं त्यांत आहे.

आणि बर्लिनमध्ये तर आवाज आहेत. शहराजवळच्या व्युन्सडॉर्फ छावणीतल्या हिंदी कैद्यांना जर्मन भाषातज्ज्ञांनी ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढे उभं केलं. फिरोजपूर जिल्ह्यातला मल्लसिंग नावाचा शिपाई ११ डिसेंबर १९१६ रोजी तिथे बोलला. स्वतःबद्दलच, पण ‘एक माणूस होता’ अशी सुरुवात करून. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खायचा, इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं, आता त्याला घरी जायचंय. मिनिट-दीड मिनिटाचं बोलणं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचा बराच वेळ दुसरं काही करू शकलो नाही.

आपल्या पलटणींचं म्हणाल तर त्यांच्या रोजच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही युद्धकाळातली लष्करी दप्तरं आहेत, आणि त्यांचा बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर चाळता येतो. दैनंदिनीत साध्या शिपायाचं नाव क्वचित येतं. पण पलटण अमुक दिवशी कुठल्या खंदकात होती, ते येतं. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावावर चाल करून गेलेल्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, घोडे-खेचरं कापून खाण्याची पाळी, आणि शेवटी सुमारे १३,००० माणसांची शरणागती. कडेवर ‘११०’ दिसला की हे सगळं त्या एका आकड्यामागे उभं राहतं.

आकडा वाचताना एक सांभाळा. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली आणि १०३, ११० हे क्रमांक गेले. १०३ ची पहिली मराठा झाली, तीच ‘जंगी पलटण’. ११० ची तिसरी झाली. काहींची तर नावनिशाणी राहिली नाही. १९१७ साली उभारलेली १११ महार पलटण १९२१ पर्यंत मोडूनही टाकली गेली. तिच्यातल्या शिपायाच्या घरात पदक असेल, तर तो त्या पलटणीचाच पुरावा आहे. ते वितळवणं म्हणजे पलटण दुसऱ्यांदा मोडणं.

मजकुरातला संताप खरा आहे तो इथे. नोंद ठेवली, पण दगडावर नाव कोरलं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक माणसांचं स्मरण आहे. त्यात ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलेलं; हिंदी पलटणींच्या फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि साधे शिपाई नुसत्या संख्येत. एप्रिल २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल काढला आणि माफी मागितली. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती अशा ४५,००० ते ५४,००० मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि आणखी निदान १,१६,००० जणांचं नावानिशी किंवा मुळीच स्मरण झालं नाही, असं त्यात कबूल केलंय. हा अन्याय आहे, आणि तो ठणकावून सांगितलाच पाहिजे. पण ‘नोंदच नाही’ म्हटलं की अन्याय करणाऱ्याची सुटकाच होते. नावं कागदावर हाताशी होती आणि तरी ती कोरली नाहीत, हे जास्त गंभीर आहे.

सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत, एक संगमरवरी पाटी असते: या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. तिथेही नाव नाही, आकडाच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचा प्राण दिलेल्यांचा आकडा ४६ आहे. एका गावातले ४६. अशा पाटीवर रंगाचा हात फिरवण्याआधी तिचा एक फोटो तरी घ्या.

‘पदकं हलक्या धातूची आणि बिननावाची.’ दोन्ही चूक. आत्याच्या देव्हाऱ्यातलं ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. शुद्धतेला शेकडा साडेब्याण्णव चांदी, आणि घोड्यावरचा तो इंग्रजांचा संत, सेंट जॉर्ज. हिंदी शिपायाला आणि ब्रिटिश शिपायाला हे पदक एकच. मोतद्दार, मजूर अशा कामकऱ्यांना मात्र तेच पदक ब्राँझमध्ये मिळालं. भेदभाव होता, पण पदक खोटं नव्हे. ब्राँझचं आहे म्हणून कुणी ‘नकली’ म्हणत असेल तर ऐकू नका. अशा पदकावर ‘सईस’ किंवा ‘कुली’ कोरलेलं असतं, आणि त्या माणसाची बाकी कुठे नोंद असण्याची शक्यता सगळ्यात कमी. नाव कडेवर असतं. ‘१९१४-१५ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकाला पाठीवर. दुसऱ्या महायुद्धात तर उलटंच झालं: ब्रिटिश शिपायांना पदकं कोरी मिळाली, हिंदी शिपायांच्या पदकांवर नावं घातली गेली. युद्धात मेलेल्यांच्या घरी ब्राँझची एक मोठी चकतीही यायची, सुमारे १२ सेंटिमीटरची, बशीएवढी. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव, उठावाच्या अक्षरांत.

‘कागद रद्दीत घाला.’ डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, छावणीच्या शिक्क्याचं पोस्टकार्ड, वर्दीतला फोटो, यांतलं काहीही टाकू नका, आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका. ते परत सुटत नाही. पदक पॉलिशने घासू नका, कडेवरची अक्षरं आधी जातात. विकायला कुणी दारात आला आणि ‘परदेशात मोठी किंमत आहे’ म्हणाला, तर शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्याला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्याला सांगा.

पदक सराफाकडून परत आणलं. त्याच रात्री नंबर आणि पलटण टाकून शोधलं, आणि तिसऱ्या प्रयत्नाला पणजोबा सापडले. बसऱ्याचं स्मारक, त्यांच्या वडिलांचं नाव, आमचं गाव, आणि तारीख: जानेवारी १९१६. गावच्या गुरुजींनी जुनं पंचांग काढून तिथी लावून दिली.

नव्या टाकांसाठी चांदी दुसरी आणली. चकती आहे तिथेच, देव्हाऱ्यात आहे. आत्या तिला अजूनही खंडोबाच म्हणते. या भाद्रपदात तिने पणजोबांचं पान सर्वपित्रीपर्यंत थांबवलं नाही, त्यांच्या तिथीला वाढलं.